सरांच्या नावाचा भुंगेरा

आफ्रिकेला मी कधी गेलेले नाही. पासपोर्टसुद्धा अजून काढलेला नाही. पण टांझानियातल्या एका डोंगरावर, जंगलातल्या कुजक्या पानांखाली राहणाऱ्या दोन मिलिमीटरच्या एका भुंगेऱ्याबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर आज ते मला विचारतात. हे मी फुशारकीने सांगत नाही. म्हणजे, थोड्या फुशारकीनेच सांगते. त्या भुंगेऱ्यापायी माझी सात वर्षं गेली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त एका माणसावरच्या रागात गेली.

तो माणूस म्हणजे आमचे सर. एम.एस्सी. झाल्यावर मी त्यांच्या प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून लागले. आम्ही तेव्हा खडकीला क्वार्टरमध्ये राहायचो. वडील दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात होते. आई मी कॉलेजात असतानाच गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. सकाळी दोघांचे डबे भरायचे, वडील सायकलवरून कारखान्याकडे आणि मी स्कूटरवरून गावात, असा क्रम होता.

सर कुणाशीही अरे-तुरे करत नसत. आवाज चढवत नसत. एखाद्याचा अपमान करायचा असला की ते जास्तच आदराने बोलत. मला दहा मिनिटं उशीर झाला तर घड्याळाकडे न बघता म्हणत, "आलात? आम्हाला वाटलं आपण आज पेन्शन घेतलीत." सगळे हसत. मीही हसायचे. कारण विषय त्यांना खरोखर येत होता, आणि मला तो शिकायचा होता.

युरोपातल्या एका संग्रहालयात सरांची जुनी ओळख होती. तिथे वर्षानुवर्षं पडून राहिलेले, कुणी न तपासलेले आफ्रिकेतले भुंगेरे त्यांनी सरांकडे अभ्यासासाठी पाठवले. करंगळीएवढ्या काचेच्या बाटल्या, आत अल्कोहोल, तळाशी तपकिरी गाळ दिसावा तसे किडे आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. सरांनी खोका माझ्यासमोर सरकवला. "आपल्याला वेळ आहे, असं कळलं," ते म्हणाले.

हे भुंगेरे वरून सगळे एकसारखे दिसतात. गुळाच्या रंगाचे, पाठीवर बारीक लव. जाती वेगळ्या करायच्या तर नराचं पोट उघडून त्याचा जननावयव बाहेर काढावा लागतो, कारण फरक तिथे असतो. दोन मिलिमीटरच्या किड्याचं पोट कशाने उघडायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. काडेपेटीच्या काडीला केसाएवढी टाचणी टोचून मी माझं हत्यार तयार केलं. पहिले कितीतरी किडे फुटले. दुपारी चहा प्यायला की हात किंचित थरथरतो हे कळल्यावर मी चहा सोडला.

आठ-दहा महिन्यांनी मला एका बाटलीतले काही नर वेगळे वाटले. सगळे त्यांना एका जुन्या, शंभरेक वर्षांपूर्वी वर्णन झालेल्या जातीचे समजत होते. पण ह्यांचा मागचा पाय खालच्या टोकाला वाकलेला होता आणि त्या बाकाच्या आत एक दात होता. पोट उघडून पाहिलं तर अवयवही निराळा. मी जेवायची सुट्टी विसरून एकामागून एक सात नर तपासले. सातही तसेच. जगात ज्याला अजून नाव नाही असा जीव माझ्या भिंगाखाली होता, आणि हे त्या क्षणी फक्त मला माहीत होतं.

सरांना बोलावलं. ते खुर्चीत बसले, सूक्ष्मदर्शकातून पाच मिनिटं बघत राहिले.

"हं," ते म्हणाले. "दिसतंय काहीतरी. चालू ठेवा."

पुढची दोन वर्षं मी चालू ठेवलं. चित्रं काढली, मापं घेतली, इंग्रजीत वर्णन लिहिलं, सरांनी खोडलं, परत लिहिलं. मी दोन ट्रे वेगळे केले होते. एकात नवी जात, दुसऱ्यात तिच्याशी मिळतीजुळती जुनी जात, तुलनेसाठी. नव्या जातीचे जवळजवळ सगळे नर मी उघडलेले असल्यामुळे दिसायला ओबडधोबड होते. कुणाचं पोट नाही, कुणाची मिशी तुटलेली. जुन्या जातीचे मात्र छान, अखंड, पाय पोटाखाली घेऊन झोपल्यासारखे कार्डावर चिकटवलेले.

त्या मे महिन्यात सरांची मुलगी प्रयोगशाळेत यायला लागली. बी.एस्सी. संपवून तिला परदेशात जायचं होतं. मुलगी वागायला चांगली होती, मला ताई म्हणायची. नव्या कॅमेऱ्यावर फोटो काढायला मीच तिला शिकवलं. मग वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि मी आठवडाभर रजा घेतली.

परत आले तेव्हा सगळं नेहमीसारखंच दिसत होतं. चार-पाच महिने तसेच गेले. मी शोधनिबंधाचं विचारलं की सर म्हणत, "वाचतोय. आपली घाई समजू शकतो."

एक दिवस मी प्रिंटरवरून माझे कागद घ्यायला गेले, तर तिथे आधीच एक गठ्ठा पडलेला होता. छापायला जाण्याआधीची प्रूफं होती. शीर्षकात माझाच भुंगेरा, त्याला दिलेल्या नव्या नावासकट. त्याखाली लेखक म्हणून दोन नावं, सरांची मुलगी आणि सर. मी उभ्या उभ्या पानं उलटली. चित्रं माझी. वर्णनातली वाक्यं माझी, सरांनी खोडून मी परत लिहिलेली. शेवटी आभारात 'प्रयोगशाळेतील तांत्रिक मदतीबद्दल' प्रकल्प सहायकांचे आभार. नाव नव्हतं. अनेकवचन मात्र होतं, जणू आम्ही पाच-सहा जणी होतो.

 मग एक गोष्ट दिसली आणि मी ते पान पुन्हा उलटून पाहिलं.

नवी जात जाहीर करताना एक किडा निवडावा लागतो. त्याला होलोटाइप म्हणतात. नाव त्या एका मेलेल्या किड्याला कायमचं बांधलेलं असतं. वर्णन चुकलं, चित्र चुकलं तरी चालतं, पण तो किडा ज्या जातीचा, त्याच जातीचं ते नाव. निबंधात होलोटाइप म्हणून ज्याचा सुंदर रंगीत फोटो होता, दोन्ही मिशा पूर्ण, लव शाबूत, त्याचा क्रमांक मला पाठ होता. तो दुसऱ्या ट्रेमधला होता. जुन्या जातीचा. मी रजेवर असताना पोरीने फोटोत छान दिसेल असा किडा उचलला होता आणि सरांनी त्याचं पोट उघडून बघायची तसदी घेतली नव्हती.

म्हणजे हा निबंध छापून आला की सरांनी दिलेलं नवं नाव शंभर वर्षांपूर्वीच नाव मिळालेल्या जुन्या जातीच्या गळ्यात पडणार होतं, आणि माझा भुंगेरा बिननावाचाच राहणार होता.

दार उघडलं. सर आत आले. माझ्या हातातले कागद त्यांनी पाहिले आणि चेहऱ्यावर काही हललं नाही.

"बरं झालं," ते म्हणाले. "वाचताच आहात तर नजर टाका. स्पेलिंग वगैरे. उद्या पाठवायचंय."

"हो सर."

"मुलीच्या अर्जासाठी लागतंय. आपण समजून घ्याल. आपलं पुढे होईलच."

"हो सर."

मी माझ्या टेबलाशी बसले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तीन स्वल्पविराम घातले. डोंगराच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. एका मापाचा दशांश चुकीच्या जागी होता, तोही सरकवला. मग कागद नीट जुळवून सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"आणखी काही?" सरांनी विचारलं.

"नाही सर. बाकी ठीक आहे."

त्या संध्याकाळी मी वडिलांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते सरांना शिव्या घालतील. त्यांनी पोळी ताटात ठेवली आणि विचारलं, "चूक तुला दिसली होती?"

"दिसली ना."

"आणि तू पास केलीस."

"बाबा, माझं नाव काढून टाकलंय त्यांनी."

"ते ऐकलं मी. त्यांनी चोरी केली. त्यांच्या तोंडावर सांगायचंस, वर तक्रार करायचीस, मी आलो असतो तुझ्याबरोबर. पण तीस वर्षं मी तपासणीला आहे. खराब माल हातात आला आणि माणसावरच्या रागाने पुढे जाऊ दिला, असं कधी केलं नाही."

"ते बॉम्ब होते. हा किडा आहे."

"हो का," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. चार दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी मात्र त्या चार दिवसांत फार शांत झोपले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

महिन्याभरात मी नोकरी सोडली. सरांनी निरोपाला पेन दिलं. मला वाघोलीला एका कॉलेजात शिकवायचं काम मिळालं. वडील निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्हीही वाघोलीलाच दोन खोल्या घेतल्या. विद्यार्थी बहुतेक विदर्भातले, चांगली मुलं, पण त्यांना भुंगेऱ्यांशी काही घेणंदेणं नव्हतं. नगर रोडच्या धुळीने घरातल्या सगळ्या वस्तूंवर रोज थर बसायचा. गॅलरी काचेने बंद करून घेतली आणि तिथे एक जुना, दुसऱ्याच कुणीतरी वापरलेला सूक्ष्मदर्शक मांडला.

लगेच काही केलं नाही. दीड वर्ष थांबले. सरांचा निबंध लोकांनी वाचावा, सरांनी तो स्वतःच्या बायोडेटात घालावा, चार ठिकाणी त्यावर भाषण द्यावं, एवढी सवड मला त्यांना द्यायची होती. ती त्यांनी घेतली. एका व्याख्यानाची बातमी माझ्या मैत्रिणीने फोनवर पाठवली. पडद्यावर तो सुंदर मिशांचा फोटो आणि बाजूला सर, हात मागे बांधून. मी तो फोटो जपून ठेवला.

मग त्या युरोपातल्या संग्रहालयाला मेल लिहिली. आपले नमुने आता परत पोचले असतील, त्यातल्या होलोटाइपचा मागचा पाय आणि पोटातला अवयव कृपया तपासून पाहाल का, एवढंच. तिथे संग्रह सांभाळणाऱ्या बाई होत्या. दोन महिने उत्तर आलं नाही. मग एक दिवस तासिका संपवून स्टाफरूममध्ये आले तर मेल आलेली. त्यांनी किडा कोमट पाण्यात भिजवून, उघडून, फोटो काढून पाठवले होते. पाय सरळ. अवयव जुन्या जातीचा. खाली एकच ओळ होती: तुम्हाला हे आधीच माहीत होतं असं वाटतंय, बाकीचे नमुने पाठवू का?

मी त्याच खुर्चीत बसून 'पाठवा' असं लिहिलं.

बाटल्या आणि ट्रे पुन्हा माझ्याकडे आले. चिठ्ठ्यांवर माझंच अक्षर होतं. मी सगळी चित्रं नव्याने काढली, कारण जुनी आता दुसऱ्यांची झाली होती. सकाळी कॉलेजला जायच्या आधी दोन तास आणि रविवारी पूर्ण दिवस, असं सव्वा वर्ष चाललं. वडील कधीतरी मागे येऊन उभे राहत. एकदा मी त्यांना भिंगातून तो वाकडा पाय दाखवला. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"फरक आहे," ते म्हणाले. "कुणालाही दिसेल."

"बघितलं तर."



निबंधात सरांबद्दल मी एकही वावगा शब्द लिहिला नाही. होलोटाइप तपासला असता तो जुन्या जातीचा आढळला, सबब नवं नाव बाद, एवढं एक वाक्य. त्यानंतर खरी नवी जात, लेखक म्हणून फक्त माझं नाव. आणि त्या जातीला मी सरांचं नाव दिलं.

नाव काय द्यायचं ह्यावर मी फार दिवस विचार केला होता. वाकड्या पायावरून देता आलं असतं, डोंगरावरून देता आलं असतं. पण ते सगळं सर विसरून गेले असते. हे विसरता येणार नव्हतं. नावामागचं कारण द्यायचं असतं, तिथे मी लिहिलं: ज्यांच्या प्रयोगशाळेत मला ह्या भुंगेऱ्याची पहिली ओळख झाली, त्या माझ्या शिक्षकांच्या सन्मानार्थ. संपादकांनी मला मुद्दाम कळवलं की ही फार उमदी गोष्ट आहे.

वडिलांनी छापील पान चष्मा लावून वाचलं. "त्यांचंच नाव?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. चष्मा काढून ते म्हणाले, "ह्यापेक्षा तू त्यांना एक थोबाडीत मारली असतीस तर बरं."

सर त्याच वर्षी निवृत्त होत होते. निरोप समारंभाला मला आमंत्रण आलं, नुसतं नाही तर व्यासपीठावर बसायचं. विभागाच्या नव्या प्रमुखांनी पहिला निबंध वाचलाच नव्हता. दुसऱ्याचंही फक्त नाव वाचलं असावं. माइकवरून ते म्हणाले, "शिक्षकाला शाल-श्रीफळ कुणीही देतं. ह्या विद्यार्थिनीने सरांना अमर केलं. आफ्रिकेतल्या एका जीवाला सरांचं नाव दिलं." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या काही जणी उभ्या राहिल्या, मग सगळेच उभे राहिले.

शाल मीच द्यायची होती. मी ती सरांच्या खांद्यांवर घातली. फोटोसाठी आम्ही दोघं समोर बघत उभे होतो. ते ओठ फारसे न हलवता बोलले.

"प्रूफं आपणच तपासली होतीत."

"हो सर. आपण स्पेलिंग बघायला सांगितलं होतं."

फोटोवाल्याने थोडं जवळ या म्हणून खूण केली. आम्ही जवळ सरकलो.

"हे नाव मागे घेता येईल?"

"नाही सर. एकदा छापलं की कायम. नियम आपणच शिकवलात."

मग त्यांना भाषण करायचं होतं. त्यांनी माझे आभार मानले. माझं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. मी समोर बघत बसले. चार वर्षं ज्याची वाट पाहिली होती ते घडत होतं आणि मला ते गोड लागत होतं, अगदी शेवटच्या घासापर्यंत.

बाहेर व्हरांड्यात सरांची मुलगी भेटली. परदेशातून सुट्टीवर आली होती. तिकडे जाऊन तिने विषय बदलला होता, आता काहीतरी संगणकाचं करत होती. "ताई," ती म्हणाली, "ते काम तुमचं होतं हे मला खरंच माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, लॅबचं काम आहे. तो किडा मी उचलला तेव्हाही ते म्हणाले, कुठलाही घे, सगळे एकच. नंतर माझ्या गाइडने तुमचा पेपर माझ्यासमोर ठेवला. सगळ्यांसमोर. तुम्ही मला एकदा सांगितलं असतंत तर."

तिचे डोळे भरले होते. मला काय बोलता आलं असतं ते आज बसून दहा प्रकारांनी लिहिता येईल. तेव्हा मी म्हणाले, "मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. तिच्याशी मी बरी वागले नाही. सरांबद्दल मला असं कधी वाटलं नाही.

त्यानंतर सरांची गाठ पडलेली नाही. ते कोथरूडला असतात, सकाळी टेकडीवर जातात, असं कळतं. वडील आता थकलेत. गॅलरीतल्या माझ्या टेबलाशेजारी त्यांची खुर्ची असते, ते पेपर वाचतात. संग्रहालयाच्या बाई दर वर्षी नवीन बाटल्या पाठवतात. टांझानियातल्या एका विद्यापीठातला मुलगा आता त्याच डोंगरावर काम करतो आणि पानं चाळून जे सापडेल त्याचे फोटो मला पाठवतो.

सूड घेताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. वाकड्या पायाचा प्रत्येक नर सापडला की त्याच्या टाचणीखाली चिठ्ठी लावावी लागते, आणि त्या चिठ्ठीवर जातीचं नाव लिहावं लागतं. नखाएवढ्या कागदावर, बारीक निबेने, काळ्या शाईत. ज्या माणसाचं नाव मला घरात ऐकायला नको होतं ते मी आज सकाळी बारा वेळा लिहिलं. त्या मुलाने मेलमध्ये विचारलंय की हे सर कोण, फार मोठे शास्त्रज्ञ होते का. उत्तर अजून दिलेलं नाही. वडिलांना विचारलं, काय लिहू. ते पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "खरं लिही. ह्या वेळी तरी."

मी मेल उघडून बसले आहे.